बेडकाचे स्त्रीबीज आणि पुटकपेशी : परस्परसंबंधाचा अभ्यास

प्रस्तावना

वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी येणारी स्त्री आज बहुधा सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊनच येते. दोन्ही बीजकोशांतील फॉलिकलचे माप त्यात मिलिमीटरमध्ये दिलेले असते आणि 'बीज अठरा मिलिमीटरचे झाले आहे' असे सोबतची मंडळी समाधानाने सांगतात. वास्तविक ते माप बीजाचे नसते. मानवी स्त्रीबीज सुमारे एक दशांश मिलिमीटर एवढेच असते. अठरा मिलिमीटरची असते ती बीजाभोवतीच्या पेशींची व द्रवाची पिशवी. तिलाच फॉलिकल अथवा पुटक म्हणतात.

भाषेतील या गल्लतीच्या मुळाशी एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. आपण देतो ते औषध अथवा शरीरात स्रवणारे संप्रेरक प्रत्यक्ष बीजावर कार्य करते, की बीजाच्या भोवतालच्या पेशींवर? आणि त्या पेशींवर करीत असेल, तर तेथून बीजापर्यंत संदेश पोहोचतो कसा? चिकित्सकाला व औषधनिर्मात्याला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण 'बीजपोषक' व 'बीजपक्वताकारक' असे दावे याच प्रश्नाच्या उत्तरावर उभे राहतात किंवा कोसळतात.

या प्रश्नाचा उलगडा अर्वाचीन शास्त्राने प्रथम केला तो मनुष्यावर नव्हे, तर बेडकावर. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाचा परिचय करून देऊन त्यातून वैद्यांनी काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार आम्ही मांडीत आहोत.

बेडूकच का?

बेडकाचे अंडे मोठे असते. संशोधनात सर्वाधिक वापरला गेलेला आफ्रिकी बेडूक म्हणजे झेनोपस लीव्हिस. त्याचे पूर्ण वाढलेले बीज १.२ ते १.३ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारे व बारीक चिमट्याने उचलता येणारे असते. व्यासाने ते मानवी बीजाच्या दहा-बारा पट आहे. एका मादीच्या अंडाशयात अशी सहस्रावधी बीजे असतात. अंडाशयाचा तुकडा काढून योग्य क्षारद्रावणात ठेवला असता तो दीर्घकाळ जिवंत राहतो आणि बीजाभोवतीची आवरणे एकेक करून सोडवता येतात. आवरणासह असलेले बीज आणि आवरण काढलेले बीज यांची तुलना करणे त्यामुळे शक्य झाले. पुढे सांगितलेले बहुतेक सर्व ज्ञान या एका तुलनेतून निष्पन्न झाले आहे.

आपल्याकडील बेडकांचाही अभ्यास झाला आहे. धारवाड येथील कर्नाटक विद्यापीठात प्रा. एस. के. सैदापूर यांनी भारतीय बेडकांच्या अंडाशयचक्रावर दीर्घकाळ कार्य केले. आपला मोठा पिवळसर बेडूक पावसाळ्याच्या आरंभी अंडी घालतो व त्याचे अंडाशय ऋतुमानानुसार बदलत राहते. झेनोपसच्या अंडाशयात मात्र लहान-मोठ्या सर्व अवस्थांतील बीजे एकाच वेळी आढळतात. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय.

पुटकाची रचना

अंडाशयातील एक पूर्ण वाढलेले बीज घेऊन बाहेरून आत जाऊ लागले असता पुढील थर लागतात.

१. सर्वांत बाहेर अंडाशयाचे पातळ पृष्ठावरण.
२. त्याच्या आत थीका नामक थर. यात संयोजी ऊतक व केशवाहिन्या असतात. बीजासाठी येणारे सर्व पोषण रक्तातून येथपर्यंत येते.
३. त्याच्या आत पुटकपेशींचा एकच थर. फरसबंदीप्रमाणे या पेशी बीजाला चहूबाजूंनी वेढून असतात.
४. त्याच्या आत पीतकवेष्टन नावाचे पेशीरहित आवरण. ते तंतुमय प्रथिनांचे असते आणि ती प्रथिने मुख्यत्वे बीज स्वतःच तयार करते.
५. शेवटी बीजाचे स्वतःचे पेशीपटल.

येथे एक शंका संभवते. पुटकपेशी आणि बीज यांच्यामध्ये जर पीतकवेष्टन आहे, तर त्यांचा स्पर्श कसा होणार? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने याचे उत्तर दिले. पुटकपेशींपासून बोटासारखे लांब प्रवर्ध निघतात व वेष्टनातील मार्गांतून जाऊन बीजाच्या पटलाला टेकतात. बीजाच्या पृष्ठभागावरूनही असंख्य सूक्ष्मांकुर बाहेर आलेले असतात. जेथे दोहोंची भेट होते तेथे गॅप जंक्शन नावाचे जोड असतात. दोन पेशींच्या पटलांमधून आरपार जाणारी ही अतिसूक्ष्म नलिका होय. सुमारे १,००० डाल्टनपर्यंतचे लहान रेणू व विद्युतभारित कण तिच्यातून एका पेशीतून दुसऱ्या पेशीत थेट जातात, मोठी प्रथिने जाऊ शकत नाहीत.

बीजाच्या वाढीच्या सहा अवस्था जेम्स ड्युमाँट यांनी १९७२ मध्ये निश्चित केल्या व त्या आजही वापरात आहेत. पहिल्या अवस्थेतील बीज पारदर्शक असते. तिसऱ्या अवस्थेत पीतक म्हणजे बलक साठू लागतो व रंगद्रव्य दिसू लागते. सहाव्या अवस्थेत अर्धा भाग गडद तपकिरी, अर्धा फिकट व मधोमध फिकट पट्टा असे रूप येते. या सर्व काळात बीजाचे केंद्रक मात्र अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यातच थांबलेले असते. म्हणजे बीज वाढते, पण पक्व होत नाही. मानवी बीजही याच टप्प्यावर थांबलेले असते, तेही स्त्रीच्या जन्मापूर्वीपासून.

पोषण : यकृतापासून बीजापर्यंत

बेडकाच्या पूर्ण वाढलेल्या बीजातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिने पीतकाची असतात. इतका साठा बीजाने स्वतः तयार केला असावा असा तर्क सहज होईल, परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. पीतकाचे मूळ प्रथिन व्हिटेलोजेनिन हे यकृतात तयार होते. यकृताला तसा आदेश देणारे संप्रेरक म्हणजे इस्ट्रोजेन, आणि ते तयार करणाऱ्या पेशी म्हणजे बीजाभोवतीच्या पुटकपेशी.

म्हणजे साखळी अशी : मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीकडून गोनॅडोट्रॉफिन संप्रेरक येते. पुटकपेशी त्यास प्रतिसाद देऊन इस्ट्रोजेन स्रवतात. ते रक्तावाटे यकृताकडे जाते. यकृत व्हिटेलोजेनिन तयार करून रक्तात सोडते. ते थीकामधील केशवाहिन्यांतून बाहेर पडते, पुटकपेशींच्या मधल्या फटींतून व पीतकवेष्टनातून पाझरत बीजाच्या पटलाशी पोहोचते. तेथील विशिष्ट ग्राहक त्यास ओळखतात व पटलाचा तेवढा भाग आत ओढला जाऊन ते बीजात शिरते. आत त्याचे विभाजन होऊन लायपोव्हिटेलिन व फॉसव्हिटिन ही पीतकप्रथिने तयार होतात. व्हिटेलोजेनिन बीजात कसे शिरते याचा पाया रॉबिन वॉलेस व ड्युमाँट यांच्या कार्याने घातला गेला. इस्ट्रोजेन दिल्यास नर बेडकाचे यकृतही व्हिटेलोजेनिन तयार करू लागते. या वस्तुस्थितीचा उपयोग करून मुंबईत जन्मलेले जमशेद टाटा यांनी लंडनमधील मिल हिल येथील संशोधनसंस्थेत संप्रेरके जनुकांना कशी जागवतात याचा मोलाचा अभ्यास केला.

व्हिटेलोजेनिनचा रेणू चार लाख डाल्टनहून मोठा आहे. तो गॅप जंक्शनमधून जाणे अशक्य. म्हणून बीजाच्या पोषणाचे दोन स्वतंत्र मार्ग मानावे लागतात. मोठे प्रथिन पेशींच्या फटींतून येते व बीज ते निवडून घेते. लहान रेणू पुटकपेशींच्या आतून जोडांवाटे येतात. हे जोड सदैव एकसारखे उघडे नसतात. गोनॅडोट्रॉफिनमुळे त्यांच्या पारगम्यतेत फरक पडतो, असे झेनोपसवरील प्रयोगांतून १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

धातुपोषणाचे तीन न्याय आपणा सर्वांस परिचित आहेत. त्यांच्या आधारे हा भाग ध्यानात ठेवणे सोपे जाते. खळ्यावरील धान्य कबुतरे आपापले वेचून नेतात, तसे बीज रक्तरसातून नेमके व्हिटेलोजेनिन वेचते. हा खलेकपोत न्याय. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात उतरते, तसे लहान रेणू पुटकपेशीतून बीजात उतरतात. हा केदारीकुल्या न्याय. आणि दुधाचे दही व्हावे तसे व्हिटेलोजेनिनचे पीतकात रूपांतर होते. हा क्षीरदधि न्याय. हे न्याय धातुपोषणासंबंधी आहेत. बेडकाच्या अंडाशयाचे ज्ञान त्यांत पूर्वीच होते असा दावा आम्ही करीत नाही. समजण्यास सुलभ अशी ही उपमा आहे, एवढेच.

पक्वतेचा आदेश कोण देतो?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पूर्ण वाढलेले परंतु थांबलेले बीज पुन्हा विभाजनाकडे कसे वळते?

पोषग्रंथीचा अर्क अंडाशयाच्या तुकड्यावर घातला असता शरीराबाहेरही बेडकाची बीजे पक्व होतात, हे हाइलब्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये दाखविले होते. तेव्हा पोषग्रंथीचे संप्रेरक थेट बीजाला जागे करते असे मानणे स्वाभाविक होते. १९६७ मध्ये योशिओ मासुई यांनी बिबट्या बेडकावर प्रयोग करून या समजुतीची कसोटी घेतली. पुटकपेशींनी वेढलेल्या बीजांना पोषग्रंथीचे संप्रेरक दिले असता ती पक्व झाली. पुटकपेशी काढून टाकलेल्या बीजांवर त्याच संप्रेरकाचा परिणाम झाला नाही. मात्र अशा उघड्या बीजांना प्रोजेस्टेरॉन दिले असता ती पक्व झाली. निष्कर्ष स्पष्ट होता : पोषग्रंथीचा आदेश पुटकपेशी ऐकतात, त्या स्टेरॉइड तयार करतात आणि बीज ऐकते ते त्या स्टेरॉइडचे. शेजारी नसेल तर आदेश बीजापर्यंत पोहोचतच नाही.

पुढील प्रयोगांनी आणखी एक आश्चर्य उघड केले. स्टेरॉइड संप्रेरके पेशीत शिरून केंद्रकातील जनुकांवर कार्य करतात, असे आपण शिकलो आहोत. परंतु प्रोजेस्टेरॉन सुईने बीजाच्या आत टोचले असता पक्वता आली नाही, बाहेरून लावले असता आली. स्मिथ व एकर यांनी हे १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये तर पेशीत शिरूच न शकणाऱ्या मोठ्या बहुवारिकाला स्टेरॉइड जोडून दिले, तरीही बीज पक्व झाले. नवीन जनुकलेखन थांबविणाऱ्या ॲक्टिनोमायसिन-डी या द्रव्यानेही प्रोजेस्टेरॉनचे हे कार्य अडत नाही, प्रथिननिर्मिती थांबविली तर मात्र अडते. म्हणजे संदेश बीजाच्या पृष्ठभागावर घेतला जातो. त्यानंतर बीजातील सायक्लिक एएमपीचा प्रभाव उणावतो आणि थांबलेली यंत्रणा चालू होते.

त्याच वर्षी, १९७१ मध्ये, मासुई व क्लेमेंट मार्कर्ट यांनी पक्व होत असलेल्या बीजातील पेशीद्रव घेऊन थांबलेल्या बीजात टोचला. प्रोजेस्टेरॉन न देताही ते दुसरे बीज पक्व झाले. पक्वताकारक घटक, संक्षेपाने एमपीएफ, या नावाने ते तत्त्व ओळखले जाऊ लागले. १९८८ मध्ये झेनोपसच्या अंड्यांतून ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. सर्व पेशींच्या विभाजनाचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेचाच तो भाग आहे, असे पुढे सिद्ध झाले.

गर्भनिदानाची चाचणी व पुटकपेशी

चिकित्साशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण येथे आठवते. १९३० च्या दशकात लॅन्सलॉट हॉग्बेन यांच्या दक्षिण आफ्रिकेतील कार्यातून बेडकावरील गर्भनिदान चाचणी प्रचारात आली. गर्भिणीचे मूत्र झेनोपसच्या मादीला टोचले असता ती काही तासांत अंडी घालते. उंदीर व ससे यांवरील तत्पूर्वीच्या चाचण्यांत प्राणी मारून अंडाशय तपासावे लागे. बेडकाची मादी जिवंत राही व पुन्हा उपयोगी पडे. १९६० च्या दशकात प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या येईपर्यंत ही पद्धत अनेक देशांत चालू होती.

या चाचणीचे रहस्य पुटकपेशींत आहे. गर्भिणीच्या मूत्रात एचसीजी संप्रेरक असते. ते पोषग्रंथीच्या एलएच संप्रेरकासारखे कार्य करते. बेडकाच्या पुटकपेशी त्यास प्रतिसाद देतात, स्टेरॉइड स्रवतात, बीज पक्व होते. पुटकपेशींचे प्रवर्ध मागे घेतले जातात, पुटक फुटते व बीज उदरपोकळीत मुक्त होते. पुटकपेशी अंडाशयातच मागे राहतात. अंड्याभोवतीचा चिकट जेलीसारखा लेप पुढे बीजवाहिनीत चढतो. आज वंध्यत्वचिकित्सेत फॉलिकल १८ ते २० मिलिमीटर झाल्यावर जे एचसीजीचे इंजेक्शन देतात, तेही प्रथम पुटकपेशींशीच बोलते, बीजाशी नव्हे.

संवाद दुहेरी आहे

आतापर्यंतच्या विवेचनावरून पुटकपेशी देणाऱ्या व बीज घेणारे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करणे आवश्यक आहे.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की झेनोपसच्या अंडाशयात एलएचच्या प्रभावाने प्रोजेस्टेरॉनपेक्षा अँड्रोजेन वर्गातील स्टेरॉइड अधिक तयार होतात आणि तीही बीजाला पक्व करू शकतात. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की या निर्मितीच्या मार्गातील सीवायपी-१७ हे विकर पुटकपेशींत नसून बीजातच असते, तर इतर विकरे पुटकपेशींत असतात. म्हणजे अर्धे काम शेजाऱ्याच्या घरी व अर्धे स्वतःच्या घरी, असे करून दोघे मिळून पक्वतेचे संप्रेरक घडवितात. बीज हे केवळ आज्ञाधारक नसून आज्ञेच्या निर्मितीतही सहभागी आहे.

सस्तन प्राण्यांतही बीजाचा असा सहभाग आढळतो. बीजातून स्रवणारे जीडीएफ-९ हे प्रथिन ज्या उंदरांत तयार होत नाही, त्यांची पुटके प्राथमिक अवस्थेपलीकडे वाढत नाहीत, हे १९९६ मध्ये दाखविले गेले.

प्रतिसाद कोणाचा, हे ओळखण्यात किती गफलत होऊ शकते याचे उदाहरण विद्युतमापनातून मिळते. बीजात सूक्ष्म विद्युतअग्र घालून ॲडेनोसिनसारखी द्रव्ये बाहेरून सोडली असता विद्युतप्रवाहात बदल दिसे व तो बीजाचाच प्रतिसाद वाटे. रिकार्डो मिलेदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखविले की यांतील अनेक प्रतिसाद पुटकपेशी काढताच नाहीसे होतात. ते मुळात पुटकपेशींचे असून गॅप जंक्शनवाटे बीजात उमटत होते. मोजमाप बीजात घेतले, परंतु उत्तर शेजाऱ्याने दिले होते.

बेडूक आणि मनुष्य : साम्य व भेद

साम्य पुष्कळ आहे. दोहोंत बीज पहिल्याच टप्प्यावर थांबते, दोहोंत भोवती पोषक पेशी असतात, गॅप जंक्शन असतात, दोहोंत एलएच संप्रेरक प्रथम भोवतालच्या पेशींवर कार्य करते. बीज थांबलेले ठेवण्यास दोहोंत सायक्लिक एएमपी कारणीभूत आहे. पक्व झालेले बीज दोहोंत दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर पुन्हा थांबते व शुक्राणूची वाट पाहते.

परंतु एक भेद मूलगामी आहे. बेडकाचे बीज पुटकपेशींतून सोडवून नुसते ठेवले तर ते थांबलेलेच राहते. त्याला जागे करण्यास स्टेरॉइडचा संदेश लागतो. सशाचे बीज पुटकातून बाहेर काढले असता ते आपोआप पक्व होऊ लागते, हे पिंकस व एन्झमन यांनी १९३५ मध्येच नोंदविले होते. मानवी बीजाबाबतही रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्ये तसेच दाखविले. पुढे कृत्रिम गर्भधारणेचा मार्ग ज्यांतून घडला त्या कार्याचा हा आरंभ होता.

याचे कारण असे की सस्तन प्राण्यांत पुटकपेशी बीजाला सतत थांबवून धरतात. उंदरावरील २००९ च्या सुमाराच्या अभ्यासांनुसार पुटकपेशींतून सायक्लिक जीएमपी हा लहान रेणू गॅप जंक्शनवाटे बीजात जातो व तेथील सायक्लिक एएमपीचा नाश होऊ देत नाही. एलएच येताच पुटकपेशींतील त्याची पातळी उतरते, जोडही मिटतात आणि बीज मोकळे होते.

थोडक्यात, बेडकाच्या पुटकपेशी 'आता चल' असा संदेश नव्याने देतात, सस्तन प्राण्यांच्या पुटकपेशी 'थांब' हा संदेश मागे घेतात. यंत्रणा एकाच कुळातील, परंतु आदेश उलट प्रकारचा. बेडकाच्या बीजाला पक्व करणारे द्रव्य मनुष्यातही तसेच करील, असे म्हणता येणार नाही ते याच कारणाने.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

सुश्रुताचार्यांनी गर्भोत्पत्तीसाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चार घटकांचे सामग्र्य आवश्यक मानले आहे. अंकुराचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. उत्तम बीज असूनही योग्य काळ, भूमी व जल नसेल तर अंकुर येत नाही. क्षेत्र या पदाने सामान्यतः गर्भाशय घेतला जातो. बीज बीजकोशात असतानाही त्याला स्वतःचे एक सूक्ष्म क्षेत्र, स्वतःचे अंबु व स्वतःचा काळ असतो, असा विस्तार या अभ्यासाच्या प्रकाशात करता येईल. पुटकपेशींचा थर हे क्षेत्र, थीकामधून येणारा पोषक रस हे अंबु, एलएचचा आदेश हा काळ. हा आमचा विचार आहे, ग्रंथवचन नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आम्ही कर्तव्य समजतो.

चिकित्सेतही याचा अर्थ आहे. केवळ बीजाकडे न पाहता अग्नी, रसधातू, यकृत, ऋतुचक्र यांकडे पाहणारी आपली पद्धत ज्या समग्रतेचा आग्रह धरते, तिला बेडकाच्या पोषणसाखळीत एक सुंदर दृष्टांत मिळतो. एका बीजाच्या पीतकासाठी मस्तिष्कतळाची ग्रंथी, अंडाशय व यकृत यांना एकत्र राबावे लागते. परंतु दृष्टांत आणि प्रमाण यांतील भेद विसरू नये. मानवी बीजात बेडकाप्रमाणे पीतकाचा साठा नसतो व मानवी यकृत व्हिटेलोजेनिन पुरवीत नाही. तेव्हा 'यकृतावर कार्य करणारे औषध बीज पुष्ट करते' असे विधान बेडकाच्या आधारे करणे अयोग्य ठरेल.

वैद्य व रसशाळाचालकांसाठी

आज आपल्यापुढे येणाऱ्या माहितीपत्रकांत वनस्पतींच्या अर्कांवरील प्रयोगांचे दाखले असतात. बीजासंबंधी असा दाखला पुढे आला असता पुढील प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

१. प्रयोगातील बीज पुटकपेशींसह होते की त्या काढलेल्या होत्या? पेशींसह असतानाच परिणाम दिसला असेल तर द्रव्याचे कार्य पुटकपेशींवर असण्याचा संभव अधिक. उघड्या बीजावरही दिसला असेल तर ते स्टेरॉइडसारखे थेट बीजावर कार्य करीत असावे.

२. प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला? बेडकात पक्वता आली म्हणून सस्तन प्राण्यात येईल असे नाही, व उलटही नाही.

३. 'पक्वता' कशावरून ठरविली? बेडकाच्या बीजाच्या गडद भागावर पांढरा ठिपका दिसणे हे पक्वतेचे चिन्ह मानतात. परंतु मरू लागलेल्या बीजाचा रंगही विस्कटतो. म्हणून दक्ष संशोधक बीज स्थिर करून, कापून, केंद्रक नाहीसे झाले की नाही ते प्रत्यक्ष पाहतात.

४. परिणाम न दिसणे हे निरोधक कार्य की विषारीपणा? ज्या द्रव्यात बीज पक्व झाले नाही ते बीज जिवंत होते का, हेही पाहावे लागते.

५. दिलेली मात्रा व ती रुग्णाच्या बीजकोशापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोणता? काचपात्रातील बीजावर अर्क थेट पडतो. रुग्णेत तो जठराग्नी, यकृत, रक्त, थीका व पुटकपेशी असे सर्व टप्पे ओलांडून जातो.

शतावरी अथवा फलघृत यांसारख्या ग्रंथोक्त कल्पांचा आधार शास्त्र व परंपरा हा आहे. त्यांना बेडकाच्या प्रयोगाची उसनी प्रतिष्ठा लावण्याची गरज नाही. तशी लावल्यास, प्रयोगातील एक त्रुटी दाखविताच कल्पावरचा विश्वासही डळमळतो. रसशाळाचालकांनी हेही ध्यानात ठेवावे की १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात स्त्रियांमधील वंध्यत्वाचा समावेश आहे. त्या विकारावर उपचार म्हणून औषधाची जाहिरात करण्यास कायद्याने मनाई आहे. वेष्टनावरील एक उत्साही वाक्य व्यवसायास महाग पडू शकते.

याहून महत्त्वाचा विचार रुग्णेचा. मूल व्हावे म्हणून आलेल्या स्त्रीच्या हाती वेळ मर्यादित असतो. तिचे वय पस्तिशीकडे झुकलेले असेल, बीजवाहिन्या बंद असतील किंवा दोष पतीच्या शुक्रात असेल, तर 'बीज पुष्ट करणाऱ्या' औषधावर घालविलेले एक वर्ष परत मिळत नाही. म्हणून उभयतांची तपासणी प्रथम, निदान नंतर व औषध त्यानंतर, हा क्रम मोडू नये.

उपसंहार

बेडकाच्या बीजाने शिकविलेला मुख्य धडा असा : बीज एकटे नसते. त्याला मिळणारे पोषण व त्याला मिळणारा आदेश ही दोन्ही शेजारच्या पेशींच्या मध्यस्थीने येतात, आणि बीजही त्या शेजाऱ्यांना घडविते. बीजाच्या दोषाचा विचार करताना त्याच्या भोवतालाचा विचार टाळता येत नाही.

दुसरा धडा सावधानतेचा. व्याकरणशास्त्रात मधली सूत्रे ओलांडून पुढील सूत्रात पद नेण्यास मंडूकप्लुती म्हणतात. व्याकरणात ती सोय आहे. चिकित्सेत मात्र मधले टप्पे ओलांडून बेडकावरून मनुष्यावर मारलेली उडी घातक ठरू शकते. पुढील वेळी सोनोग्राफीचा अहवाल पाहताना ते अठरा मिलिमीटर कोणाचे, हे रुग्णेला दोन वाक्यांत समजावून सांगावे. आपले औषध नेमके कोठे कार्य करील अशी अपेक्षा आहे, याचा विचारही त्यासोबत आपसूक घडेल.